नवागत विद्यार्थ्यांच्या स्वागतभेटी आणि लिंगभावाची साचेबद्धता : वर्धा जिल्ह्याच्या शैक्षणिक परंपरेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रायोजक कंपन्यांमार्फत स्वागतभेटी देण्याची प्रथा अलीकडे रूढ होत आहे. या भेटी अनेकदा मुलांसाठी वेगळ्या व मुलींसाठी वेगळ्या असतात आणि हा भेद गरजेवर आधारलेला नसून रूढ समजुतींवर आधारलेला असतो. प्रस्तुत लेखात या प्रथेमागील व्यापारी कारणे, तिचा आशय व तिचे संभाव्य परिणाम यांचे विवेचन केले आहे. वर्धा जिल्ह्यातील नई तालीम आणि सेवाग्राम येथील वैद्यकीय शिक्षणाच्या परंपरेत नवागतांच्या स्वागताची कोणती निराळी रीत आढळते, हेही पाहिले आहे. लेखाच्या शेवटी महाविद्यालयांना अमलात आणता येण्याजोग्या काही सूचना केल्या आहेत.

बीजशब्द : लिंगभाव, साचेबद्ध प्रतिमा, स्वागतभेट, प्रायोजकत्व, नई तालीम, दीक्षारंभ.

१. प्रस्तावना

बारावीचा निकाल, प्रवेश अर्ज, कागदपत्रांची पडताळणी आणि शुल्काची जुळवाजुळव हा सारा खटाटोप संपवून विद्यार्थी जेव्हा महाविद्यालयाच्या आवारात पहिले पाऊल ठेवतो, तेव्हा त्याच्या हाती पडणारी पहिली वस्तू कोणती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तेव्हापासून नवागतांसाठी उद्बोधन कार्यक्रम घेण्याची पद्धत पदवी महाविद्यालयांत हळूहळू रुळली आहे. कार्यक्रमाला खर्च येतो आणि महाविद्यालयाकडे निधी तुटपुंजा असतो. अशा वेळी एखादा प्रायोजक पुढे येतो, मंडपाचा व अल्पोपाहाराचा भार उचलतो आणि सोबत ‘वेलकम किट’ या नावाने एक पिशवी वाटतो. फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा कोणी करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. त्यामुळे ती पिशवी चर्चेविनाच घरोघरी पोहोचते.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील अशाच कार्यक्रमास प्रस्तुत लेखिका उपस्थित होती. पिशव्या दोन रंगांच्या होत्या. निळ्या पिशवीत दैनंदिनी, स्पर्धा परीक्षांचे वेळापत्रक, पेन व दाढीच्या क्रीमची लहान नळी होती. गुलाबी पिशवीत चेहऱ्यावरील क्रीमच्या पुड्या, छोटा आरसा, केसांच्या पिना व पाककृतींची पुस्तिका होती. वाटप संपल्यावर आर्वीकडील एक विद्यार्थिनी टेबलाजवळ आली आणि परीक्षांचे वेळापत्रक आपल्यालाही मिळेल काय, असे तिने विचारले. वाटप करणाऱ्या मुलाने सौजन्याने उत्तर दिले, “ताई, ते मुलांच्या पिशवीत आहे.” त्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. त्याला तो भेद इतका स्वाभाविक वाटत होता की त्याचे समर्थन करण्याचीही गरज त्याला भासली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच स्वाभाविकपणा आहे.

२. भेटवस्तू काय बोलते

भेटवस्तू मुकी नसते, हे सांगण्यासाठी मराठी वाचकास परकीय दाखल्याची आवश्यकता नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटले जाणारे वाण आपल्या परिचयाचे आहे. वाणाची किंमत किरकोळ असते. परंतु ते कोणाला द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाही, यातून समाजात कोणाचे स्थान काय हे ठरत असे. सवाष्णीला वाण मिळे, विधवेला मिळत नसे. एका वाटीची किंवा फणीची ती देवघेव प्रत्यक्षात प्रतिष्ठेची देवघेव होती. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची दखल राज्यभर घेतली गेली आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भेटीविषयीच्या आपल्या निबंधात हेच तत्त्व व्यापक पातळीवर मांडले. भेट कधीही निव्वळ ऐच्छिक व निर्हेतुक नसते. ती देणारा व घेणारा यांच्यात एक नाते निर्माण करते आणि घेणाऱ्यावर एक बंधन टाकते. या दृष्टीने पाहता स्वागतभेट म्हणजे नवागताला दिलेली ओळख होय. ‘तू येथे कोण म्हणून आला आहेस’ हे ती सांगते. दैनंदिनी व परीक्षेचे वेळापत्रक असे सांगते की, तुझ्यापुढे काळ आहे आणि त्याचे नियोजन तुला करावयाचे आहे. आरसा व पाककृती असे सांगते की, तू दिसावेस कशी आणि अखेर जावेस कोठे, हे ठरलेले आहे. दोन्ही संदेश महाविद्यालयाच्या बोधचिन्हाखाली दिले जातात, त्यामुळे प्रायोजकाचा आवाज संस्थेचा आवाज होऊन बसतो.

३. रंगभेदाचे व्यापारी गणित

गुलाबी रंग मुलींचा आणि निळा मुलांचा ही समजूत निसर्गदत्त नाही, तशीच ती आपल्या परंपरेतूनही आलेली नाही. अमेरिकेतील बालवस्त्रांच्या व्यापाराशी संबंधित एका नियतकालिकाने १९१८ मध्ये याच्या अगदी उलट सल्ला दिला होता : गुलाबी अधिक ठसठशीत म्हणून तो मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून तो मुलींना. जो पाओलेट्टी यांनी या विषयाच्या इतिहासाचा सविस्तर अभ्यास केला असून आजची विभागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाल्याचे दाखविले आहे. आपल्याकडे तर फेटा, उपरणे वा लुगडे यांच्या रंगांना असा नियम कधीच नव्हता. वारकऱ्यांच्या बुक्क्याला जसे लिंग नाही, तसे गुलालालाही नाही.

मग ही विभागणी टिकते कशामुळे? उत्तर बाजारपेठेच्या विभाजनात आहे. एकच वस्तू दोन रंगांत विकली की घरात ती दोनदा विकत घ्यावी लागते. २०१२ मध्ये एका जगप्रसिद्ध पेन कंपनीने ‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून फिकट रंगांची पेने बाजारात आणली आणि ग्राहकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली; कारण लिहिण्याच्या क्रियेत स्त्री-पुरुष असा फरक संभवत नाही. परंतु सर्वच उदाहरणे थट्टेवारी नेण्याजोगी नाहीत. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०१५ मध्ये सुमारे ८०० वस्तूंच्या किमतींची तुलना केली, तेव्हा स्त्रियांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू पुरुषांसाठीच्या तत्सम वस्तूंपेक्षा सरासरी ७ टक्के महाग असल्याचे आढळले.

नवागत विद्यार्थी हा या गणितातील महत्त्वाचा घटक आहे. अठराव्या वर्षी तो प्रथमच स्वतःच्या पसंतीने साबण, क्रीम, मोबाईल सेवा वा बँक निवडू लागतो आणि एकदा जडलेली सवय पुढे बराच काळ टिकते. त्यामुळे नमुन्यादाखल दिलेली पुडी हा कंपनीच्या लेखी खर्च नसून गुंतवणूक असते. सोबत भरून घेतलेला नाव-पत्ता-मोबाईल क्रमांकाचा तक्ता ही त्याहून मोलाची मिळकत. पिशवी फुकट असते हे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे. विद्यार्थी तिची किंमत आपल्या माहितीने व आपल्या लक्षाने चुकवीत असतो.

भारतातील या प्रकारचे सर्वात बोलके उदाहरण ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमचे आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या या क्रीमच्या जाहिरातींत गोऱ्या रंगाचा संबंध नोकरी व विवाह यांच्याशी जोडला जाई. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये आक्षेपार्ह जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. त्याच सुमारास या क्रीमच्या नावाने मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे प्रतिष्ठानही सुरू झाले. शिष्यवृत्तीमुळे काही मुलींचे शिक्षण सुकर झाले असेल, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि मुलीच्या गुणवत्तेचा गौरव ज्या नावाने केला जात होता, तेच नाव तिचा वर्ण ही उणीव असल्याचे सुचवीत होते. २०२० मध्ये कंपनीने उत्पादनाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून टाकला. नाव बदलण्यास ४५ वर्षे लागली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

४. गरजेवर आधारित भेद आणि साच्यावर आधारित भेद

येथे एक आक्षेप उपस्थित होऊ शकतो. मुलींच्या गरजा वेगळ्या आहेत, मग त्यांना वेगळी वस्तू दिल्यास बिघडले कोठे? हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण समानता म्हणजे एकसारखेपणा नव्हे.

बिहार शासनाने २००६ मध्ये माध्यमिक शाळेतील मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार या योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुली यांच्यातील नोंदणीची तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात. ही भेट केवळ मुलींनाच मिळते. तरीही ती साचेबद्ध नाही. घर ते शाळा हे अंतर मुलींच्या शिक्षणातील प्रत्यक्ष अडथळा होते व सायकलीने तो दूर केला. महाविद्यालयातील सॅनिटरी नॅपकिनच्या यंत्रालाही हाच न्याय लागू होतो.

यावरून एक साधी कसोटी मांडता येते. जी वेगळी वस्तू विद्यार्थिनीच्या मार्गातील अडथळा कमी करते, ती गरजेवर आधारित होय; आणि जी तिच्या मार्गाची दिशाच आधी ठरवून टाकते, ती साच्यावर आधारित होय. सायकल मुलीला शाळेपर्यंत नेते. पाककृतींची पुस्तिका तिला, ती महाविद्यालयात असतानाच, स्वयंपाकघराची वाट दाखवते. स्वयंपाक येणे ही गोष्ट कमी प्रतीची आहे, असा याचा अर्थ नव्हे. उलट, घरापासून दूर खोली घेऊन राहणाऱ्या मुलग्याला त्या पुस्तिकेचा उपयोग अधिक झाला असता. साचा मुलांवरही अन्याय करतो तो असा.

आकडेवारी पाहिली असता हा प्रश्न केवळ रुचीचा नाही, हे स्पष्ट होते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या आणि स्थूल नोंदणी गुणोत्तर मुलींच्या बाबतीत २८.५, तर मुलांच्या बाबतीत २८.३ होते. म्हणजे प्रवेशद्वारापाशी मुली मागे नाहीत. परंतु २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांचा श्रमबलातील सहभाग ७८.८ टक्के, तर स्त्रियांचा ४१.७ टक्के आढळतो. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होत्या. असे काम करणारे पुरुष मुळात थोडे आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटे. पदवी व अर्थार्जन यांच्यामधील ही दरी एका पिशवीने पडली नाही, हे उघड आहे. पण ती दरी ज्या असंख्य लहान संकेतांनी पडते, त्यांत पिशवीचाही वाटा आहे.

मानसशास्त्रातही या दिशेने प्रयोग झाले आहेत. स्पेन्सर, स्टील व क्विन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, या परीक्षेत स्त्री-पुरुषांच्या गुणांत फरक पडतो असे आधी सांगितल्यास गणितातील स्त्रियांची कामगिरी खालावते, असे आढळले. नंतरच्या पुनर्प्रयोगांत हा परिणाम सर्वत्र सारख्या तीव्रतेने दिसला नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नव्हे. मात्र प्रस्तुत आक्षेप केवळ परिणामांवर अवलंबून नाही. वेळापत्रक मागणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कमी झाले नसतीलही. तरी संस्थेने तिला गैर वागणूक दिलीच.

५. वर्धा जिल्ह्याची परंपरा

या विषयाचा विचार वर्ध्यात करताना आपल्या भूमीत या प्रश्नाची कोणती उत्तरे शोधली गेली, हे पाहणे अगत्याचे ठरते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्या ठरावांनुसार डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली व तीतून मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजेच नई तालीमची योजना आकारास आली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा मानला गेला. सूतकताई हे परंपरेने बहुतांशी स्त्रियांचे काम समजले जाई. ती टकळी व तो चरखा गांधीजींनी पुरुषांच्याही हाती दिला. वकिलांनी, पुढाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी सूत कातले. एखाद्या वस्तूला चिकटलेले लिंग काढून टाकता येते आणि ते देण्याच्या पद्धतीनेच काढून टाकता येते, याचा यापेक्षा मोठा पुरावा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

तथापि या परंपरेचे केवळ गुणगान करणे अभ्यासकास शोभणारे नाही. याच समितीच्या योजनेत वरच्या दोन इयत्तांतील मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहशास्त्राचा प्रगत अभ्यासक्रम घेण्याची मुभा होती. मुलग्यांसाठी तशी सोय सुचविण्यात आली नव्हती. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठातही स्त्रीच्या गृहिणीपदाचा विचार करूनच अभ्यासक्रम आखला गेला होता. त्या काळी मुलींना शाळेत आणणे हेच मुख्य आव्हान होते व पालकांच्या समजुतीशी काही तडजोड करणे भाग होते. सुधारकांची ती तडजोड समजून घेता येते. परंतु जे त्यांनी नाइलाजाने स्वीकारले, ते आपण विनाकारण, एका प्रायोजकाच्या सोयीसाठी स्वीकारावे, याचे समर्थन कसे करणार? शिवाय याच विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून स्त्रियांच्या माथी मारलेल्या दोषांचा पंचनामा केला होता, हेही विसरता येत नाही.

वर्तमानातील उदाहरण पाहावयाचे तर सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे पाहावे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने ही संस्था सुरू झाली. तेथे नव्याने प्रवेश घेणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी आरंभी सुमारे पंधरा दिवस सेवाग्राम आश्रमात राहतात. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई व साधे राहणे हाच त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम असतो. खादीचा नियम मुलगा व मुलगी दोघांनाही लागू आहे. झाडू कोणाच्या हाती द्यावा, हे तेथे लिंग पाहून ठरत नाही. सेवाग्राममध्येच २००५ पासून पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन या नई तालीमच्या शाळेतही स्वयंपाक व शेतीकाम हे मुलगे व मुली दोघांच्याही शिक्षणाचा भाग आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आश्रमीय पद्धती स्वीकारावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती काय द्यावे, याचा विचार शैक्षणिक निर्णय म्हणून करता येतो, एवढेच या उदाहरणांवरून सिद्ध होते.

६. नियम व मार्गदर्शक तत्त्वे

साचेबद्धतेला असलेला आक्षेप ही कोणा एकाची वैयक्तिक आवड नव्हे. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नष्ट करण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारास भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली. त्याच्या कलम १० मध्ये शिक्षणाच्या सर्व स्तरांवरून स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयीच्या साचेबद्ध कल्पना दूर करण्याचे बंधन आहे. २०१९ मध्ये ‘बालभारती’ने इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई व बाबा दोघेही भाजी निवडताना दाखविले, तसेच स्त्री डॉक्टर व वाहतूक नियंत्रण करणारी महिला पोलीस यांची चित्रे घातली. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये हानिकारक लिंगभाव प्रतिमांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. एखादी भूमिका नेहमी व केवळ एकाच लिंगाची असते, असे जाहिरातीने सूचित करू नये, असे ती सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयीन भाषेतील अशा साचेबद्ध शब्दप्रयोगांविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. दुसरीच्या वर्गातील बालकाला जे शिकविले जाते, त्याच्या विरुद्ध धडा पदवीच्या पहिल्या दिवशी द्यावा, ही विसंगती आहे.

आणखी एका घटकाचा विचार आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मधील निकालाने तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीच्या हक्कास मान्यता दिली. प्रवेश अर्जात त्यानुसार तिसरा पर्याय छापणाऱ्या संस्थेने वाटपाच्या टेबलावर मात्र दोनच रंगांच्या पिशव्या मांडल्या, तर अशा विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष स्वतःची ओळख जाहीर करण्याचा प्रसंग येतो.

७. उपाययोजना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

(१) स्वागतभेटीतील वस्तूंची यादी सर्वांसाठी एकच असावी व ती महाविद्यालयाने ठरवावी, प्रायोजकाने नव्हे.

(२) वैयक्तिक वापराच्या वस्तू द्यावयाच्याच असतील, तर त्या टेबलावर मांडून ठेवाव्यात आणि ज्याला जी हवी ती घेऊ द्यावी.

(३) पिशवीत उपयुक्त माहितीला अग्रक्रम असावा : एसटीच्या सवलत पासची पद्धत, महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तींची माहिती, स्पर्धा परीक्षांचे वेळापत्रक, ग्रंथालयाचे नियम, अंतर्गत तक्रार समिती व रॅगिंग प्रतिबंधक समितीचे दूरध्वनी क्रमांक. समुद्रपूर, कारंजा वा आष्टी तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला क्रीमच्या पुडीपेक्षा याची गरज अधिक आहे.

(४) प्रायोजकाशी लेखी करार करावा. त्यात वर्ण, शरीरयष्टी, विवाह वा घरकाम यांविषयी साचेबद्ध मजकूर असणार नाही, अशी अट असावी.

(५) विद्यार्थ्यांचे मोबाईल क्रमांक त्यांच्या स्पष्ट संमतीवाचून प्रायोजकास देऊ नयेत.

(६) महिला विकास कक्षाच्या समन्वयकांना व एका विद्यार्थी प्रतिनिधीला ही पिशवी वाटपापूर्वी दाखवावी. या कामास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि खर्च काहीच नाही.

८. समारोप

स्वागतभेट ही क्षुल्लक बाब आहे, तिच्यावर इतका ऊहापोह कशासाठी, असे काही सहकाऱ्यांना वाटणे शक्य आहे. तिचा क्षुल्लकपणाच येथे विचारात घेण्यासारखा आहे. मोठ्या अन्यायाविरुद्ध नियम असतात, समित्या असतात, दाद मागता येते. लहान संकेताविरुद्ध दाद मागणारा हास्यास्पद ठरतो, म्हणून तो निर्वेधपणे चालत राहतो. नॅकच्या २०१७ पासूनच्या चौकटीतील सातव्या निकषात लिंगसमभावासाठी केलेल्या उपक्रमांची नोंद मागितली जाते, आणि आपण व्याख्याने, पथनाट्ये व मोर्चे यांची छायाचित्रे जोडतो. त्याच सभागृहात, त्याच आठवड्यात, दोन रंगांच्या पिशव्या वाटल्या गेल्या असतील तर विद्यार्थी कोणता धडा लक्षात ठेवतील, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही.

प्रस्तावनेतील विद्यार्थिनीला ते वेळापत्रक त्या दिवशी मिळाले. एका वर्गमित्राने आपल्या पिशवीतून काढून ते तिला दिले. दोघांनाही त्यात काही विशेष वाटले नाही. जी गोष्ट अठरा वर्षांच्या मुलाला सहज सुचली, ती कार्यक्रमाचे आयोजन करणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना आधीच सुचावयास हवी होती.